मामेसासऱ्यांचं इंग्रजी

ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतच्या पट्ट्यात माझं जितकं नुकसान माझ्या मामेसासऱ्यांनी केलं, तितकं वाळवी आणि सेल्स टॅक्सवाले मिळूनही करू शकले नाहीत. कचेरीतून पेन्शनीत निघालेला हा माणूस. इंग्रज इथून गेला तो आपलं इंग्रजी ऐकून कंटाळला म्हणून, असं त्यांचं ठाम मत होतं. सारख्या आवाजाच्या दोन शब्दांची कोणी अदलाबदल केली की यांना घरात चोर शिरल्यासारखं व्हायचं. टेंभी नाक्यावरच्या एका हॉटेलवाल्याने पाटीवर गोड पदार्थांच्या जागी वाळवंटाचं स्पेलिंग रंगवलं, तर ते खरवडून काढेपर्यंत यांनी चहाला तोंड लावलं नाही. एकदा अंगात ताप फणफणला असताना डॉक्टर म्हणाले, "ले डाउन." हे खाटेवर ताठ बसून! "ले म्हणजे ठेवणे. काय ठेवू ते सांगा. मी पडायचं असेल तर लाय म्हणा."

मी कल्याणचा वखारवाला. 'यस सर' एवढ्या भांडवलावर ट्रकच्या ट्रक लाकूड विकलेला. एका नव्या कारखान्याचे साहेब खोक्यांच्या फळ्या बघायला आले. सकाळभर घासाघीस करून मी त्यांना भावावर आणलं. उठता उठता ते म्हणाले, "आय विल ॲडव्हाइस माय ऑफिस."

"झ!" वेळ घालवायला वखारीत येऊन कोपऱ्यात बसलेले मामा कडाडले. "ॲडव्हाइझ! क्रियापदात झ असतो!"

साहेबांनी टोपी उचलली आणि थेट कळव्याची वखार गाठली.

"मामा, त्याचा स राहिला असता तर तुमचं काय जात होतं?"

"जावईबापू, तुम्ही गाठीची फळी घेता का?"

"भाव पाडून घेतो!"

"मला भाव पाडता येत नाही."

मी बोलणं टाकलं. आठवड्याने मामाच वखारीत आले, कोट-टोपी घालून.

"साहेबांकडे गेलो होतो. माफी मागितली. ऑर्डर तुम्हालाच देतायत."

"आणि?"

"बोलताना चार चुका केल्या त्यांनी."

"मग तुम्ही?"

"मी चहा प्यालो."

ऑर्डर आली. मामा मात्र त्या रात्री जेवले नाहीत, पित्त झालंय म्हणाले.

आता ते नाहीत. मोठमोठे साहेब येतात, तोंडाला येईल ते बोलतात, मी मान डोलावतो आणि माल विकतो. मामा गेल्यापासून माझ्या वखारीत कोणाचंच इंग्रजी चुकत नाही.