तहानेची नऊ गाणी

मित्रहो, आज दुपारपासून मी घाबरले आहे. हे कबूल करणेही मला जड जाते.

वाळवंटी सीमेवरच्या गावांवर गाणी रचणारा आमचा बारामतीचा बँड पुढच्या आठवड्यात प्रथमच त्या सीमेवर गाणार आहे. आज सरावाच्या खोलीत फरशी बसवायला आलेले भवरलालजी तिकडचेच निघाले. मी त्यांना नऊही गाणी ऐकवली. दाद मिळणार, याची मला खात्री होती.

ते म्हणाले, "ताई, सगळी तहानेचीच? आमच्याकडं तहानेवर कोण गातं? आमी पावसावर गातो."

पळसदेवचा आमचा ड्रमर पुटपुटला, "ताई, तितं समोर समदी ह्यांच्यासारखीच बसणार हायती."

सहा वर्षे मी एकेक शब्द तासला. तिथल्या एकाही माणसाला विचारले मात्र नाही. माझ्या जागी तुम्ही असता, तर तिथे गायला गेला असता का?