चुन्याच्या गोलातल्या चपला

माझ्या बायकोच्या अंगठ्याला रेघा राहिल्या नव्हत्या. एवढी वर्षं संसार केला, मला माहीत नव्हतं. मशिननं सांगितलं.

चिकलठाण्याला कंपन्यांच्या मागं ड्रम धुवायचं काम चालतं. केमिकलचे रिकामे ड्रम आणायचे, कास्टिकच्या पाण्यानं घासायचे, सुकवून विकायचे. तिला त्या कामावर मीच लावलं. मी बाजूच्या शेडवर वॉचमन होतो, तिथला मुकादम ओळखीचा. म्हणलं, घरात बसून काय करती. तिनं हातमोजे मागितले तर मुकादम म्हणाला, "मावशी, मोजे घालून डाग निघत नाय." घरी आली की हाताची आग व्हायची, मग गोडं तेल चोळायची. मी म्हणायचो, तेल भाजीला राहू दे. असा मी माणूस. पुढचं वाचायचं तर हे ध्यानात ठेवून वाचा.

कोरोनात सगळं बंद झालं तेव्हा माझ्या शेडलाबी कुलूप लागलं. शेठचा फोन लागेना. ड्रमवाला गावाकडं पळाला. डोक्यावरून रोज जाणारी इमानं बंद झाली, तर गल्लीतली कुत्री वर बघायला लागली. अशात सरकारनं जाहीर केलं, बायांच्या जनधन खात्यावर महिन्याला पाचशे रुपये टाकणार. बायांच्याच. गड्यांना काय नाय.

तिला लई आनंद झाला. भाकरी थापता थापता म्हणली, "सरकार बी वळखून हाय, कुनाच्या हातात पैसा टिकतो."

"अंगठेबहाद्दर बायांना देऊन काय करणार सरकार?"

"तुमी लई बालिष्टर. चौथीत तीनदा बसले म्हणं."

हे तिला माझ्या आईनं सांगितलेलं. आई मरून जमाना झाला, ही विसरली नव्हती.

आमच्या गल्लीत एक कार्यकर्ता आहे. गोरागोमटा, पांढरे कपडे, कानात कायम फोन. तो दारोदार सांगत फिरला, "काका, हे पैसे आपल्या साहेबांनी आणले. ध्यानात ठेवा." मागच्या गल्लीत दुसऱ्या पार्टीचा कार्यकर्ता होता, तो तेच त्याच्या साहेबाचं नाव घेऊन सांगत होता. पाचशे रुपयाला दोन बाप झाले होते. आणि गंमत अशी की दोघांच्याबी खिशातून एक रुपया गेलेला नव्हता.

बँकेत गर्दी नको म्हणून खात्याच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस ठरवून दिलेले. तुमचा आकडा असंल त्या दिवशी जायचं. आमच्या इथं एका दुकानात बँकेचं मशिन घेऊन एक चष्मेवाला बसायचा. मशिनवर अंगठा ठेवला की पैसे. दुकानासमोर रस्त्यावर चुन्यानं गोल आखलेले, एका गोलात एक बाई. पण उन्हात किती उभं राहणार? म्हणून बायांनी आपली रीत काढली. गोलात चपला काढून ठेवायच्या आणि भिंतीच्या सावलीला बसायचं. लाईन पुढं सरकली की जिनं तिनं आपल्या चपला एक गोल पुढं सरकवायच्या. कुणी कुणाच्या चपला मागं टाकायच्या नाहीत. पोलिसाला जे जमलं नाही ते चपलांनी केलं.

तिच्या आकड्याच्या दिवशी ती सकाळीच गेली. दुपारी नंबर लागला. अंगठा ठेवला, मशिन म्हणलं नाय. पुसून ठेवला, नाय. दहाही बोटं ठेवून झाली. चष्मेवाला म्हणाला, "मावशी, रेघाच उठंनात. अंगठा नीट धुऊन, तेलबिल लावून उद्या या."

ती हसत घरी आली. "मशिन म्हणतंय मी हायच नाय."

मी हसलो नाही. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. आज हिचा दिवस होता आणि दिवस हुकला.

हे मला नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा येडा. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघं खडी फोडायला होतो. आमचं लग्न नवंनवं होतं. तिथं सकाळी मुकादम हजेरी पुकारायचा. नावाला 'हाजिर' म्हणलं तर दिवस लागला. मागं पाणी प्यायला गेला आणि नाव निघून गेलं, की दिवसभर खडी फोडा नाहीतर डोकं फोडा, पैसा बुडाला. तोबी सरकारचाच पैसा. तिचा एक दिवस तसा बुडालेला. झाडाआड गेली होती, नाव हुकलं. मी तेव्हा तिला चारचौघांत थोबाडीत मारली होती. सरकारचा पैसा म्हणजे हजेरीचा पैसा, वेळ हुकली की गेला, हे आमच्या हाडात बसलेलं. बँक काय, खातं काय, ते आम्हाला नंतर कळलं. हाडातलं गेलं नाही.

म्हणून कार्यकर्ता त्याच दिवशी संध्याकाळी सांगायला आला तेव्हा मी त्याला एक शब्द विचारला नाही. तो म्हणाला, "काका, उद्या शेवटचा दिवस. ज्यानं उचलले नाय त्याचे पैसे वापस जाणार. साहेब स्वतः येणार हायत, कुणाची अडचण असंल तर जागच्या जागी सोडवतील."

मीच मग सहा घरं फिरलो. शेजारची भाभी, नवरा मेल्यापासून शिवणकाम करून राहते, तिलाबी मीच सांगितलं. "सच्ची क्या, भाईजान?" तिनं विचारलं. मी म्हणलो, "तर! माझं काय डोकं फिरलंय व्हय?"

त्या रात्री मी बायकोच्या अंगठ्याला तेल चोळलं. आयुष्यात पहिल्यांदा. काचेवरून बोट फिरवल्यासारखं लागत होतं, गुळगुळीत. ती म्हणली, "आज काय पुन्याचं काम चाललंय?" मी म्हणलो, "गप बस, पैशाचं चाललंय."

सकाळी ती उठेना. डोकं दुखतंय म्हणली, अंग कणकण करतंय. "उद्या जाते की. पैसा काय पळून चाललाय?"

मी म्हणलो, "तुझ्या नावावर आला म्हणून मिजास आली का? खडीवरबी अशीच हजेरी घालवली होती तू."

इतक्या वर्षांनी ते काढलं मी. तिनं माझ्याकडं बघितलं, पदर खोचला, चपला घातल्या आणि गेली. मला जाऊन चालत नव्हतं, अंगठा तिचाच लागायचा. मी खाटंवर पडून राहिलो.

पुढचं मी बघितलं नाही. भाभीनं सांगितलं, ती बायकोच्या मागच्याच गोलात होती.

साहेब दहाला येणार होते, साडेबाराला आले. तोपर्यंत कार्यकर्त्यानं मशिन थांबवून ठेवलं. साहेबांसमोर पैसे वाटताना फोटो पाहिजे होता. आणि त्यानं बायांना सावलीतून उठवून गोलात उभं केलं. चपलांचा फोटो काय कामाचा? माणसं दिसली पाहिजेत. एप्रिलचं ऊन, चिकलठाण्याचा डांबरी रस्ता. साहेबांनी स्वतःच्या फोटोचे मास्क वाटले, पाणी वाटलं, बाटलीवरबी तेच तोंड. भाषण केलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बायकोनं मास्क लावला, बाटली घेतली आणि उभ्या जागी आडवी झाली.

साहेबांच्या दोन गाड्या उभ्या होत्या, इंजिन चालू, एसी चालू. भाभी तिला आपा म्हणायची. कार्यकर्त्याला म्हणाली, "भाई, आपा को गाडी में डालो ना, दवाखाना ले के जाओ."

तो म्हणाला, "साहेबांना फुडं दोन ठिकानी जायचंय. मी काहीतरी बघतो."

त्यानं बघितलं, नाही असं नाही. भाजीचा छोटा हत्ती टेम्पो मिळवून दिला. मला निरोप आला तेव्हा मी दुखऱ्या गुडघ्यानं लंगडत पळालो. ती कोबीच्या गोण्यांवर पडलेली, तोंडावर साहेबाचा मास्क. मी तो काढून फेकला. तिचं अंग तव्यासारखं तापलेलं. मी म्हणलो, "ए, उठ. नंबर जाईल." दुसरं काय सुचलंच नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी बर्फ लावला, सलाईन लावलं, त्यांनी करायचं ते केलं. दिवस मावळायच्या आत गेली. ऊन डोक्यात चढलं म्हणाले. चार माणसांत माती दिली, तेव्हा जास्त येऊ देत नव्हते. कार्यकर्ता चारात होता. ते खरं आहे, लिहिलं पाहिजे.

तिसऱ्या दिवशी मला तिच्या चपलांची आठवण झाली. दवाखान्यात ती अनवाणीच आली होती. भाभीला विचारलं. ती रडायला लागली. म्हणाली, "आपा को ले के गए ना, बाद में मशिन चालू हुआ. आपा के चपला गोल में ही थे. आपा का नंबर नै जाना बोलके मैं अपने चपला के साथ वो भी सरकाती गई. सब औरतां सरकाए. एकबी औरत मना नै करी."

लाईन मशिनपर्यंत गेली. चष्मेवाल्यानं चपला बघून विचारलं, "ह्या कुणाच्या?" मग भाभीनं तिच्या चपला उचलून पिशवीत घातल्या आणि स्वतःचा अंगठा ठेवला. तिचा पहिल्या झटक्याला लागला.

मयताचा कागद घेऊन मी पुढं पावसाळ्यात बँकेत गेलो. काऊंटरवरच्या बाईला म्हणलो, "तिचे पैसे वापस गेले असतील." ती म्हणाली, "कुठं जाणार आजोबा? खात्यातच आहेत. कधीही काढता आले असते. आणि हे बघा, नंतरचे दोन हप्तेपण जमा झालेत." सरकार मेलेल्या बाईला दोन महिने पैसे देत होतं. जिती होती तेव्हा मशिन तिला ओळखत नव्हतं.

कार्यकर्त्याला मी हॉटेलात गाठलं. विचारलं, पैसे वापस जाणार हे तुला कुणी सांगितलं होतं? त्यानं बशीत चहा ओतला, फुंकला. "काका, साहेब येणार म्हणल्यावर गर्दी लागते ना. तसं सांगितलं नसतं तर कोण आलं असतं उन्हात?" वर म्हणाला, "तुमीच तर सहा घरं आणली. साहेबांना मी तुमचं नाव सांगितलं होतं."

मला त्याचा गळा धरायचा होता. हात उठला नाही. त्याचं शेवटचं वाक्य खरं होतं.

आता परत बायांना दर महिन्याला पैसे द्यायची योजना निघाली आहे. परवा तोच कार्यकर्ता फॉर्मांचा गठ्ठा घेऊन दारात आला. निवडणूक जवळ आली की त्याचं कापड आणखी पांढरं होतं. "काका, काकू कुठं हायत? वय जास्त असंल तर कमी लावू, त्याचं टेन्शन नका घेऊ."

चारातला एक माणूस, माती देऊन गेलेला. विसरला.

मी म्हणलो, "लायनीत हाय."

"कोणत्या?" त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता भाभीच्या दाराकडं वळला. "खाला, उद्याचा शेवटचा दिवस बरं का. नंतर फॉर्म घेणं बंद, आजच लायनीला लागा."

तो गेल्यावर भाभी कागदं पिशवीत भरायला लागली. आधार कार्ड, पासबुक, फोटो. मी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हणलो, "भाभी, कुठं जात नाय पैसा. ऊन उतरू दे, चार दिवसांनी जा. हे असंच सांगतात."

तिनं पिशवीची गाठ मारली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "पिछली बार भी तुमीच बोले थे ना, भाईजान. पैसा वापस जाता बोलके."

तिनं चपला घातल्या. आपलाच दुसरा एक जुना जोड पिशवीत टाकला, लायनीत नंबरला ठेवायला. आणि उन्हात निघून गेली.