अमरावतीचा समुद्र

किस्से हे गराजमधल्या सामानासारखे असतात. मुद्दाम कुणी आणत नाही, टाकूनही देत नाही, आणि एक दिवस लक्षात येतं की गाडी आत जात नाहीये. आमच्या अमेरिकेतल्या कॅरी शहरातल्या शनिवारच्या चहाच्या ग्रुपचं तेच झालंय. त्यातलं निम्मं गराज एकट्या देशमुखकाकांनी अडवलंय!

काका मूळचे अमरावतीचे. इंजिनिअर, आता रिटायर्ड. सगळी नोकरी अमेरिकेत झाली, फक्त मधली चार वर्षं कंपनीने त्यांना इंडोनेशियात पाठवलं होतं. सुलावेसी बेटावर, समुद्रकाठच्या एका लहानशा गावात, धक्का बांधायला. काकूही बरोबर गेल्या. धक्का बांधून झाला आणि दोघं परत आली. निदान पासपोर्टवर तरी तसा शिक्का आहे.

०००

काका "आमच्या गावी" म्हणाले, की ते गाव म्हणजे सुलावेसीचं. नव्या माणसाला हे आम्ही सांगत नाही. मुद्दामच.

नागपूरचा निखिल पहिल्यांदा आला, तेव्हा काका सांगत होते, "आमच्या गावी घरं लाकडी, खांबांवर उभी. खाली होडी बांधायची, की झालं."

"अमरावतीत?" निखिल म्हणाला. "काका, तिथे कुठेय समुद्र?"

काकांनी चहाचा घोट घेतला. "तू शेवटचा कधी गेला होतास?"

निखिलने घरी जाऊन आईला फोन केला म्हणे.

०००

काकू पक्क्या शाकाहारी. त्या गावात शेजारीण रोज मासा पाठवायची आणि काकू रोज हात जोडून परत करायच्या. गावाच्या हिशेबाने मासा नाकारणारं माणूस एकच, आजारी.

मग बायका पाळीपाळीने समाचाराला यायला लागल्या. कुणी केळी आणतंय, कुणी कपाळाला पाला चोळतंय. काकूंनी आधी समजावून पाहिलं. मग नाद सोडला. मग तर बायकांना वाईट वाटू नये म्हणून चार वाजले की त्या स्वतःच जरा आडव्या व्हायला लागल्या!

"चार वर्षं मी तिथे पेशंट होते," काकू सांगायच्या. "तब्येत इतकी छान नंतर कधी राहिलीच नाही!"

०००

गणपतीच्या पॉटलकला काका दरवर्षी एकच पदार्थ आणतात. तळलेली केळी आणि ठेचा. तिकडे खातात तसंच.

एकदा ग्रुपमधल्या एका बाईंनी नाक मुरडून विचारलं, "हे गोड आहे की तिखट?"

"संसाराबद्दल काहीतरी बोलणार होतो," काका म्हणाले, "पण ही समोर बसलीये."

०००

त्या गावात भेटलेल्या प्रत्येकाला विचारायचं, "कुठे निघालात?" ही चौकशी नसते, नुसता नमस्कार असतो. उत्तरही ठरलेलं, "जालान-जालान." म्हणजे सहज, फिरायला. अंगावर धाय मोकलून रडणारं पोर घेऊन डॉक्टरकडे निघालेली बाईसुद्धा "जालान-जालान" म्हणणार आणि पुढे जाणार.

काकांनी ही पद्धत आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे कॉलनीत, सुरू केली. सकाळी वॉकला निघायचं आणि दिसेल त्याला विचारायचं, "व्हेअर आर यू गोइंग?" अर्ध्या लोकांना वाटलं, काकांना सिक्युरिटीत नोकरी लागली.

शेजारच्या वॉल्टरने मात्र प्रामाणिकपणे उत्तर दिलं. युरॉलॉजिस्टकडे. मग का, ते सांगितलं. मग कधीपासून, तेही सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वॉल्टर, पुढच्या वेळी नुसतं जालान-जालान म्हण."

तेव्हापासून दोघं जिवलग मित्र आहेत.

०००

गेल्या दोनेक वर्षांत काकू विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग नावं, मग आम्ही. हल्ली तर बोलणंच थांबलंय. यावर मला विनोद सुचत नाही आणि सुचायला नकोच आहे. मी अमेरिकेत नवी होते, तेव्हा मला पहिली पुरणपोळी याच बाईने खायला घातली होती.

दुपारी चारच्या सुमारास त्या अस्वस्थ व्हायच्या. घरभर दारं उघडत फिरायच्या. काकांनी मग बॅकयार्डमध्ये एक झोपडी बांधली. लाकूड आणि बांबू, खाली खांब, चढायला चार पायऱ्या, एक खिडकी. अगदी गावच्यासारखी. चार वाजले की काकू तिथे जाऊन आडव्या होतात आणि शांत होतात. औषधांनी जे झालं नाही, ते झोपडीने झालं.

मग एचओएची, म्हणजे इथल्या सोसायटीची, नोटीस आली. झोपडी कुंपणाला फार चिकटून आहे, महिन्याभरात काढा. घेऊन आला वॉल्टरच, कारण तोच कमिटीवर. बिचारा मान वर करत नव्हता.

पार्सिपनीहून त्यांच्या मुलीचा, ऋजुताचा फोन आला. "बाबा, इट्स सिंपल. टेक इट डाउन, रीबिल्ड इट."

ते सिंपल नव्हतं. मागे एकदा पायऱ्या दुरुस्तीला काढल्या होत्या, तर काकू अंधार पडेपर्यंत झोपडीभोवती फिरत राहिल्या होत्या. आठवडाभर झोपडीच नसेल, तर काय होईल, हे काकांना माहीत होतं.

"पाडायची नाही," काका म्हणाले. "आमच्या गावी कुणाला जागा बदलायची असेल, तर गाव जमतं आणि घर उचलून नेतं."

आम्ही सगळे चहाच्या कपात बघायला लागलो.

०००

शनिवारी अख्खा ग्रुप जमला. माझा नवरा कमरेला पट्टा बांधूनच आला होता. निखिलने लिफ्ट प्लॅनची स्लाइड डेक आणली होती, त्यात रिस्क्सची वेगळी स्लाइड. काकांनी आधी सगळ्यांना केळी-ठेचा खायला घातला, कारण तिकडे रिकाम्या पोटी कुणाला खांदा द्यायला लावत नाहीत.

झोपडीखाली आडवे बांबू बांधले. पहिल्या प्रयत्नात झोपडी हललीसुद्धा नाही. उचलणारे कमी आणि "जरा डावीकडून घ्या" म्हणणारे जास्त! सगळे मॅनेजर, दुसरं काय होणार?

"आमच्या गावी ओरडतो एकच," काका म्हणाले. "बाकीचे उचलतात."

मग एकच कोण, यावर चर्चा झाली. ती कॉफीपर्यंत चालली.

एवढ्यात चार वाजले. काकू घरातून आल्या, आमच्यामधून वाट काढत पायऱ्या चढल्या आणि आत जाऊन बसल्या. त्यांना खाली उतरवायला मी पुढे झाले, पण काकांनी हात धरला.

"राहू दे. ती आत असली की तुम्ही नीट धराल."

खरंच धरलं. कुणी कुणाला सूचना दिली नाही. काकांनी एकदाच हाक दिली आणि झोपडी वर आली. कुंपणाकडून पलीकडच्या ओकच्या झाडाकडे, लॉनवरून हळूहळू चालायला लागली. नवऱ्याच्या मानेवरची शीर मला दिसत होती. निखिल डोळे मिटून चालत होता. काका पुढे, उलटे चालत, खिडकीवरची नजर न हलवता.

वॉल्टर मेजरिंग टेप घेऊन गेटमधून आत आला. झोपडी त्याच्या समोरून निघाली होती आणि खिडकीत काकू बसलेल्या. त्याने टेप खिशात टाकली, कोपऱ्यातल्या बांबूला खांदा दिला, मान वर केली आणि विचारलं, "व्हेअर आर यू गोइंग, मिसेस देशमुख?"

काकूंनी खिडकीतून खाली बघितलं.

"जालान-जालान," त्या म्हणाल्या.