तेलावरच्या पट्ट्या

रोहण्याहून आलेल्या त्या चार महिन्यांच्या बाळाला आईनं ऑपरेशनच्या सकाळी तिळाच्या तेलानं चांगलं मालिश करून आणलं होतं. इतक्या डॉक्टरांसमोर जाणार, तर लेकरू नीट दिसावं म्हणून. मी भूल देणारी डॉक्टर. आमच्या मशीनला सुई टोचावी लागत नाही. कपाळ, मान, छाती आणि मांडीवर चार पट्ट्या चिकटवल्या, की हृदय दर ठोक्याला किती रक्त फेकतं ते पडद्यावर दिसतं. तेलावर त्या टिकेनात. मी थिएटरच्या दारात जाऊन आईवर खेकसले, "अक्कल नाही का तुला?" मग स्पिरिटनं अंग पुसून पट्ट्या लावल्या.

पोट उघडल्यावर आकडा घसरला. पट्टीच सुटली असणार, असं धरून मी ती बोटानं दाबत बसले. पट्टी घट्टच होती. हृदय थकत चाललंय हे कळलं, तेव्हा उशीर झाला होता.

बाहेर आईनं एवढंच विचारलं, "म्या तेल लावलं, त्याच्यानंच झालं का जी?"

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी तिच्यापुढे बाळाचा देह ताब्यात घेतल्याच्या सहीचा कागद धरला.