साबणाशिवाय थेंब

आमची आत्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. थोडक्यात सांगायचं तर ती तेलात पाण्याचे थेंब पाडते. पण कसले थेंब! नखाएवढी काचेची पट्टी, तिच्यात केसासारख्या बारीक वाटा. एकीतून तेल येतं, दुसरीतून जिवंत पेशी मिसळलेलं पाणी. दोघं भेटतात तिथे पट्टीखाली चिकटवलेली एक चकती आवाज करते, माणसाच्या कानाला मुळीच ऐकू न येणारा. त्याच्या धक्क्यानं पाण्याची धार तुटून थेंब होतात, पेशी आत बसतात, आणि थेंब जेलीसारखा गोठला की त्या सुखरूप.

"ऐकू न येणाऱ्या आवाजाचा पगार घेतेस होय, ताई?" बाबा चिडवतात.

"तुला ऐकू येणारं तरी कुठे ऐकू येतं?" असं ती म्हणाली की बाबा वर्तमानपत्रात गडप.

पण थेंब एकसारखे पडेनात. गोठायच्या आत मोठा थेंब लहानाला गिळायचा. साबणासारखं एक रसायन घातलं की थेंब वेगळे राहतात, मात्र या नाजूक पेशी मरतात. प्रयोगशाळेचे प्रमुख सर तरी साबणाकडेच वळलेले. त्यांचं बोलणं म्हणजे ओला फटाका. "हे बघा बाई, तसं पाहिलं तर, थोडासा साबण, म्हणजे अगदीच थोडासा..."

"सर, थोडंसं मेलेलं असं काही असतं का?"

सरांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. शंभरातल्या नव्वद पेशी जगल्या तर ठीक, नाहीतर चकती कपाटात आणि साबण टेबलावर.

बुधवारपर्यंत आत्यानं आवाज वाढवून पाहिला. पट्टी तापली, पेशी उकडल्या. गुरुवारी तिनं पट्टी उलटी करून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पट्टी चकतीला चिकटवणाऱ्या गोंदात हवेचे बुडबुडेच बुडबुडे! आवाज हवेपाशी येऊन माघारी फिरत होता. आणि पट्टी चिकटवली होती कोणी?

"शेण मीच खाल्लंय," आत्या म्हणाली आणि तडक शेजारच्या सोनोग्राफी केंद्रात गेली. तिथे मधे हवा राहू नये म्हणूनच पोटाला जेल लावतात.

"पोट दुखतंय का?" तिथल्या बाईंनी विचारलं.

"पोट ठणठणीत आहे. वाटीभर जेल द्या."

शुक्रवारी तिनं जेलचा पातळ थर दिला आणि मोबाईलला काच लावतात तशी पट्टी एका कडेनं दाबत आणली. आवाज निम्म्यावर ठेवला. थेंब निघाले, एकाच मापाचे, अंतर राखून. मग मोजणी. जिवंत पेशी हिरव्या, मेलेल्या लाल. त्र्याण्णव हिरव्या.

"हे बघा, तसं पाहिलं तर हा योगायोगसुद्धा..."

"म्हणून तर तीनदा करणार आहे," आत्या म्हणाली. दुसरी पट्टी तिच्या हातात होतीच.

दुसरीत एक्क्याण्णव. तिसरीत एकोणनव्वद.

एका पेशीसाठी आत्या हुज्जत घालू शकली असती. तिनं चौथी पट्टी काढली, बूड पुसलं, जेल लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

चौथीत चौऱ्याण्णव.

सरांनी नोंदवहीत लिहिलं, 'या पेशींसाठी साबण बंद.' आत्यानं पेन मागून घेतलं आणि खाली लिहिलं, 'तिसऱ्या पट्टीत एकोणनव्वद. कारण सोमवारी शोधणे.'