उघड्या डोळ्यांचा क्रूस

केडगावचे कल्याणमामा टाक घडवतात. देव्हाऱ्यातले खंडोबा, भवानी, कुणाकुणाचे पूर्वज, सगळे त्यांच्या हातून पत्र्यावर उमटून जिल्हाभर गेले. स्वभाव तिरसट. घाई करणाऱ्याला, देव काय वडापाव हाय का, असं विचारून वाटेला लावतात. पण त्यांच्या हातचा देव आजवर कुणी परत केला नव्हता, आणि हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत.

भिंगारच्या आमच्या चर्चचा लाकडी क्रूस वाळवीने खाल्ला. चित्रकला शिकवणाऱ्या प्रार्थनाने मोबाईलवर युरोपातले हजारेक वर्षांपूर्वीचे क्रूस दाखवले. आत लाकूड, वर नक्षी उठवलेला पत्रा, कडेला रंगीत खडे आणि मधे येशू. मामांनी फोटो बघितला आणि हे तर आमचंच काम, म्हणून लगेच हो म्हटलं.

ईस्टरच्या, म्हणजे येशू पुन्हा उठला त्या सणाच्या, आदल्या दिवशी ते क्रूस घेऊन आले. पितळ बघून आम्ही हरखलो, आणि मग चेहऱ्याकडे नजर गेली. येशूचे डोळे टक्क उघडे होते. आमच्या सवयीचा येशू मान टाकलेला, डोळे मिटलेला. प्रार्थनाने फोटो मोठा करून दाखवला, त्या काळी कित्येक क्रूसांवर डोळे उघडेच असत. पण चर्चच्या कमिटीला काही ते पटेना. डोळे मिटवून द्या, असं ठरलं.

मामांनी पिशवीतून छिन्नी काढली आणि तशीच खाली ठेवली. सगळ्यात शेवटी देवाचे डोळे कोरून उघडायचे, मगच देव घराबाहेर द्यायचा, ही त्यांच्या घराची रीत.

"उघडल्यालं डोळं मला मिटवता यायचं न्हाई," ते म्हणाले. "नको असंल तर परत न्हेतो."



दरवर्षी ईस्टरच्या मिरवणुकीत क्रूस धरणारे अब्राहामकाका मागच्या बाकावर होते. त्यांची बायको, आमच्या दयाकाकू, नाताळातच गेल्या. काका उठून पुढे आले आणि त्या पितळी चेहऱ्याकडे बघत राहिले.

"दयाचं डोळं मी माझ्या हातानं मिटवलं," ते म्हणाले. "ह्याचं राहू द्या उघडं. उद्या तर उठायचंय त्याला."

कमिटीने माना डोलावल्या. मी छिन्नी उचलून मामांच्या पिशवीत ठेवली आणि त्यांना हात जोडले. त्या तिरसट माणसाचे उपकार आमच्याच्याने फिटायचे नाहीत. ईस्टरच्या सकाळी मामा चर्चच्या दारात उभे होते. काकांनी क्रूस उचलला, आणि मिरवणूक निघण्याआधी तो सगळ्यात आधी मामांपुढे दर्शनाला धरला.