एका वर्षापुरती गाडी

माझ्या मुलाने स्पोर्ट्स कारचा विषय घरात दोनदा काढला. पहिल्यांदा काढला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता, हिंजवडीला एका कंपनीत नोकरीला होता आणि धायरीच्या आमच्या फ्लॅटचे हप्ते अर्धे तो भरत होता. मी पेपर वाचत बसलो होतो. तो समोर येऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, एक गाडी घ्यायचा विचार आहे. सेकंडहँड. दोन दारांची."

"दोन दारांची? मग आई आणि मी टपावर बसायचं का?"

तो हसला. मी नाही हसलो. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात माझी चौतीस वर्षं गेली होती. माणूस काय घेणार यापेक्षा घेतल्यावर ते पोसणार कसं, हे आधी विचारायची सवय हाडात मुरलेली. मी कोरा कागद ओढला आणि विमा, टायर, सर्व्हिसिंग, पेट्रोल असं एकाखाली एक लिहून त्याच्यापुढे सरकवलं. त्याने तो कागद बराच वेळ पाहिला.

"आधी फ्लॅटचं कर्ज फिटू दे," मी म्हणालो. "गाडी काही पळून जात नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि उठून गेला. वाद घातला नाही. मला वाटलं, मुलगा समंजस आहे.

दोन वर्षांनी, गेल्या दिवाळीनंतर, त्याने तोच विषय पुन्हा काढला. या वेळी त्याने दोन गाड्या हेरून ठेवल्या होत्या. एक राखाडी रंगाची जर्मन, कापडी छप्पर उघडणारी. दुसरी पांढरी जपानी, तिच्याहून जुनी पण दणकट. "यातली कुठली चालवायला स्वस्त पडेल, तेवढं मला काढून द्या," तो म्हणाला. "तुमच्यासारखं कुणाला जमणार नाही."

खरं सांगतो, मी सुखावलो. निवृत्तीनंतर मला कुणी कामाचं काही विचारलं नव्हतं. पंधरा दिवस मी पायाला भिंगरी लावून हिंडलो. सिंहगड रस्त्यावर परदेशी गाड्यांची कामं करणारा एक गॅरेजवाला होता, त्याच्याकडे तीनदा गेलो. तो म्हणाला, "साहेब, या गाड्या घेताना गिऱ्हाईक हसतं आणि पहिल्या सर्व्हिसिंगला रडतं." टायरवाल्याने सांगितलं की पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे, चारही एकदम बदलायची वेळ आली तर तेवढ्या पैशांत एक स्कूटर येईल. विमा एजंटाने आकडा सांगायच्या आधी मला पाणी विचारलं. जर्मन गाडीचे सुटे भाग पुण्यात मिळत, पण प्रत्येकाची किंमत चढी. जपानी गाडी सहसा बिघडत नसे, पण बिघडली तर भाग समुद्रापलीकडून यायचा. दोन्ही शहरात लिटरला जेमतेम आठ किलोमीटर देणार. शिवाय हल्लीचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल एवढ्या जुन्या इंजिनांना मानवेल की नाही, याबद्दल दोन मेकॅनिकांची तीन मतं.

एका शनिवारी दुपारी मी सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं. दहा वर्षांचा खर्च, दोन रकाने. त्याने पेन्सिल घेतली. कागद डोळ्यांजवळ धरून तो एकेक ओळ वाचायला लागला.

"गिअरबॉक्सचं काम तीन वर्षांनी येणार ना? मग हे काढा."

"काढा म्हणजे?"

"छप्पर अजून दोन पावसाळे टिकेल असं म्हणालेत. तेही काढा. टायर आत्ताच नवे आहेत, काढा."

"अरे, गाडी काय वरातीपुरती घेतोयस?"

"एक वर्ष धरा बाबा. पुढचं धरू नका."

"आणि वर्षानंतर?"

"विकून टाकू."

मी त्याला चांगलं पाऊण तास सुनावलं. वर्षात विकलेली गाडी किती घाट्यात जाते, हौस आणि उधळपट्टी यांत काय फरक असतो, आमच्या वेळी सायकलसाठी किती वाट पाहावी लागे, सगळं. तो खाली मान घालून ऐकत होता. तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तो म्हणतोय तसं करून द्या की."

तिचा आवाज चिरका निघाला होता. पैशाच्या बाबतीत ती कधी मध्ये पडत नसे. मी चमकलो आणि चिडलो. रात्रीच्या जेवणाआधी एका वर्षाचा खर्चही काढून ठेवला, पण तो त्याला धडा शिकवायला. धायरीहून हिंजवडीला रोज रिक्षाने गेलं तरी यापेक्षा स्वस्त पडेल, असं खाली लाल शाईने लिहिलं. एका वर्षाच्या हिशोबात राखाडी जर्मन गाडी स्वस्त पडत होती, म्हणून दुसऱ्या दिवशी तीच बघायला आम्ही कात्रजला गेलो. कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता.

गाडीचा मालक निवृत्त इंजिनिअर. त्याने आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि किल्ली दिली. "चक्कर मारून या. तुमची गाडी इथंच आहे, म्हणजे परत याल."

आत दोनच जागा. मुलगा चालवायला बसला, मी शेजारी. छप्पर उघडं. रविवारची सकाळ होती, रस्ता बराचसा मोकळा. त्याने पाय जरा दाबला आणि गाडीने अशी झेप घेतली की माझी टोपी मागे उडाली. मी ती पकडली आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात व्हायचा तसा झाला होता.

"कसं वाटतंय बाबा?"

"पाठ मोडली," मी म्हणालो.

तो मोठ्याने हसला. पाच-सहा मिनिटं असेल ते सगळं. त्या पाच-सहा मिनिटांत मी त्याला एकदाही छान चालवतोस म्हणालो नाही.

परतीच्या वळणावर त्याने गाडी डावीकडे घ्यायला सुरुवात केली. डाव्या अंगाला, अगदी माझ्या दाराशी, एक बाई स्कूटरवर होती. पुढे पायाशी तिचं लहान मूल उभं. मला दोघं स्वच्छ दिसत होती. गाडी तरी वळतच होती.

"अरे थांब!"

त्याने ब्रेक दाबला. स्कूटर वीतभर अंतरावरून निसटली. बाई थांबलीसुद्धा नाही, पोराला एका हाताने घट्ट धरून पुढे गेली.

"डोळे फुटले का तुझे?" मी ओरडलो.

त्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.

"हो बाबा," तो म्हणाला. "तसंच आहे."

मग त्याने सगळं सांगितलं. दिसण्याचा घेर कडेने मिटत चाललाय. समोरचं दिसतं, बाजूचं नाही, नळीतून पाहिल्यासारखं. आजाराला लांबलचक इंग्रजी नाव आहे आणि औषध नाही. अंधारात चालवणं त्याने केव्हाच बंद केलं होतं. दिवसा चालवायला हरकत नाही, असं गेल्या तपासणीत डॉक्टर म्हणाले होते, वर्षभर तरी. पुढची तपासणी त्याच आठवड्यात होती.

"वर्षभर तरी मिळेल असं वाटलं होतं," तो म्हणाला.

"कधी कळलं हे?"

"दोन वर्षं झाली. तुम्हाला पहिल्यांदा गाडीचं विचारलं ना, त्याच्या महिनाभर आधी."

"मला का नाही सांगितलंस?"

"आईला सांगितलं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याचाही कागद केला असता."

मध्यंतरी घरात टीपॉयला अडखळून तो पडला होता, तेव्हा मी म्हणालो होतो, डोळे काय खिशात ठेवतोस? ताटाशेजारचा पेला कितीदा त्याच्या हाताने लवंडला होता आणि मी किती वेळा वैतागून च्च केलं होतं. ते एकेक आठवत गेलं.

"तुम्ही चालवा आता," तो म्हणाला. आम्ही जागा बदलल्या. परत येताना प्रत्येक गतिरोधकावर मी गाडीचं पोट घासलं. तो वाऱ्यात डोळे मिटून बसला होता.

मालक फाटकातच उभा होता. "काय, पसंत?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणाला, "गाडी छान आहे काका. पण बाबांनी खर्च काढलाय, आम्हाला परवडणार नाही."

"मग दुसऱ्याचं पेट्रोल कशाला जाळलंत?" मालक म्हणाला.

मी शंभरच्या काही नोटा काढून पुढे केल्या. त्याने हातानेच नको म्हटलं आणि फाटक लावून घेतलं.

त्या गुरुवारी सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात तपासणी झाली. एका पांढऱ्या यंत्रात तोंड घालून बसायचं, बारीक ठिपके उजळतात, दिसला की बटण दाबायचं. मी मागे खुर्चीत होतो. यंत्र टिकटिकत होतं, पण बटणाचा आवाज फारसा येत नव्हता. मध्येच एकदा मी मनात म्हणालो, दाब की रे. डॉक्टरांनी निकाल पाहिला आणि गाडी आजपासून बंद म्हणून सांगितलं, दिवसासुद्धा. मुलाने मान डोलावली. पायऱ्या उतरताना त्याने माझा दंड धरला. शाळेत जायला लागल्यापासून त्याने मला असं धरलं नव्हतं.

आता तो ऑफिसजवळच खोली घेऊन राहतो. शनिवारी एका प्रशिक्षकाकडे पांढरी काठी घेऊन चालायला शिकतो. मी रोज नेऊन सोडायला तयार होतो. तो म्हणाला, नको, मग शिकायचं राहून जाईल. एकदा जेवताना मी धीर केला. "तेव्हा घेऊ दिली असती तर दोन वर्षं चालवायला मिळाली असती तुला."

"जाऊ द्या ना बाबा," तो म्हणाला. "तुमचे आकडे बरोबरच होते."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. बायकोने त्याला आणखी भात वाढला आणि ती आत निघून गेली.

गेल्या रविवारी तो एकटा बसने आला. सांगितलेल्या वेळेच्या आधीच मी स्टॉपवर जाऊन उभा होतो. तो काठी टेकवत उतरला आणि थांबला. मी त्याच्या डावीकडे पाच-सहा पावलांवर होतो. हाक मारायला तोंड उघडलं, पण मारली नाही. त्याने समोरच्या एका कॉलेजच्या मुलीला विचारलं, "जरा रस्ता ओलांडून द्याल का?" ती त्याचा हात धरून निघाली. मी मागोमाग चालत गेलो. पलीकडे पोचल्यावर तिने मला पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्हाला पण मदत हवी आहे का?"

"नको," मी म्हणालो. "मी यांच्याबरोबर आहे."

मुलाने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "बाबा? कधीपासून उभे आहात?"

"हा काय, आत्ताच आलो," मी म्हणालो आणि त्याची पिशवी घेतली.